जंतूचं गाव

मैथिलीला हुडहुडी भरून ताप आला, लघवीला आग होऊ लागली आणि पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे आईची किडनी बसवलेली होती तिथे, ती हात लावू देईना. तेव्हाही उर्मिला वाकचौरे फारशी घाबरली नाही. तिने मुलीला गाडीत घातलं, नवऱ्याला पोल्ट्रीच्या शेडवर फोन केला आणि नाशिकचा रस्ता धरला. किडनी बदललेल्या माणसाला असा संसर्ग होतो, हे तिला माहीत होतं. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, आणि त्याचा फायदा जंतू घेतात. पण आता काळजीचं कारण नव्हतं. आता व्हेलोसिन होतं.

व्हेलोसिन बाजारात आलं तेव्हा उर्मिलाने कनिष्ठ महाविद्यालयातल्या आपल्या जीवशास्त्राच्या वर्गात त्यावर अख्खा तास घेतला होता. किडनीत जंतू शिरले की प्रतिजैविकाशिवाय किडनी वाचत नाही. पण सगळ्यात जालीम प्रतिजैविकं शरीराबाहेर पडतात ती किडनीतूनच. तिथल्या बारीक नळ्यांच्या पेशी ते औषध शोषून घेतात, साठवतात आणि त्यानेच मरतात. म्हणजे जंतू मारायला गेलं की किडनी जायची भीती, आणि किडनीला जपायला गेलं की जंतू वाचणार. व्हेलोसिनने हा पेच सोडवला होता. ते नळ्यांमधून वाहत जायचं, वाटेत जंतू मारायचं, पण पेशींच्या आत शिरायचंच नाही. पन्नास वर्षांत असं औषध निघालं नव्हतं. म्हणूनच सरकारने ते राखून ठेवलं होतं. फक्त माणसांसाठी आणि फक्त रुग्णालयात.

"व्हेलोसिन चालणार नाही," डॉक्टर नौशीन अत्तार म्हणाल्या.

मैथिलीची किडनी बदलली तेव्हापासून त्याच तिला तपासत होत्या. शब्द जपून वापरणारी बाई. आज त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"चालणार नाही म्हणजे? तिला त्याची ॲलर्जी आहे का?" उर्मिलाने विचारलं.

"तिला काही नाही. जंतूला त्याचं काही वाटत नाही. तिच्या अंगात जो जंतू आहे, तो व्हेलोसिन पचवतो."

टेबलावर डब्याएवढं एक यंत्र होतं. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याजिल्ह्यात आलेला हाच तो उगमवाचक. लघवीचा एक थेंब घातला की तासाभरात तो जंतूची सगळी जनुकं वाचायचा. कुठलं औषध लागू पडेल हे सांगायचा आणि त्यापुढे जाऊन जंतूचं कुळही सांगायचा. राज्यभरातल्या रुग्णालयांतून, गटारांतून, मटण मार्केटांतून, गोठ्यांतून आणि शेडमागच्या चरांतून गोळा केलेले लाखो जंतू त्याच्या स्मरणात होते. नव्या जंतूची त्यांच्याशी तुलना करून, याचे सख्खे भाऊबंद कुठे राहतात ते तो दाखवायचा.

"मग दुसरं काय?" उर्मिला म्हणाली.

"कोलिस्टिन. जुनं औषध आहे. जंतू मरेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण किडनीच्या पेशी ते भरभरून शोषतात. खूप जणांच्या किडनीला त्याने इजा होते. बहुतेकांची नंतर भरून येते. हिची एकच आहे, आधीच सुजलेली आहे, आणि..." त्या थांबल्या. "तुमची आहे."

"आणि नाही दिलं तर?"

"तर जंतू रक्तात पसरतील. मग प्रश्न किडनीचा राहणार नाही."

एवढ्यात भागवत धापा टाकत आत आला. मैथिलीचा बाप. अंगावर शेडवरचाच शर्ट होता, बाहीला कोंड्याची पूड लागलेली. त्याने डॉक्टरांना हात जोडले आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टर त्याच्या शर्टाकडे पाहत राहिल्या. "वाकचौरे, तुमच्या पोल्ट्रीत पक्ष्यांना खाद्यातून काही औषध देता का?"

"कंपनीचं खाद्य असतं मॅडम. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. आपण नुसतं वाढवून द्यायचं."

"या जंतूचे सगळ्यात जवळचे नातेवाईक तुमच्या खडकदऱ्यात सापडलेत," डॉक्टर म्हणाल्या. "कोंबड्यांच्या शेडमागच्या चरांत. व्हेलोसिन पचवणारं जनुक एका छोट्या गोल कडीवर बसलेलं असतं. ती कडी एक जंतू दुसऱ्याला सहज देऊन टाकतो. पण ती तयार व्हायला जंतूंना रोज थोडंथोडं व्हेलोसिन चाखायला मिळावं लागतं. मरण्याइतकं नाही. सवय होण्याइतकं. माणसांच्या रुग्णालयात असं होत नाही. म्हणून विचारते. घरात आणखी कोणाला धोका आहे का, हे मला कळायला हवं."

उर्मिलाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. वीस वर्षांच्या संसारात तिला ती मान ओळखू येत होती.

तिने त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत बाहेर नेलं. व्हरांडा ओलांडला, जिना उतरली आणि गाड्या लावायच्या जागेत, टळटळीत उन्हात येऊन थांबली.

"काय घालत होतात खाद्यात?"

"अगं, मला काय माहीत त्यातलं..."

"भागवत!"

तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. तो दचकला.

"पुडी," तो म्हणाला. "पांढरी पूड. सुपरवायझर आणून द्यायचा. नगरकर. म्हणला, पाण्यात नाही तर खाद्यात मिसळा, मर होणार नाही, वजन लवकर भरेल. आपल्याकडं पिल्लं पटापटा मरायला लागली होती ना मागच्या साली? कंपनी म्हणत होती, पुढची खेप देणार नाही. मग त्यानं पुडी दिली, अन् मर थांबली. सगळ्याच शेडवर देतो तो. मी एकटा नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं ती कसली पूड आहे?"

भागवत बाहीवरची पूड झटकू लागला.

"ठाऊक होतं?"

"एकदा विचारलं होतं. हसला. म्हणला, माणसाला चालतं ते कोंबडीला का चालणार नाही? भारीतलं आहे. मैथिलीच्या वेळी डॉक्टरांनी ज्याचं नाव घेतलं होतं, तेच."

उर्मिलाचा हात उठला. मारण्यासाठीच उठला होता. शेजारच्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याने काच वर केली. तिने तो हात मुठीत आवळून आपल्याच मांडीवर आपटला.

"त्या पोरीसाठी राखून ठेवलेलं औषध होतं ते! असं दुखणं आलं तर तिला वाचवणारं एकच औषध, आणि ते तुम्ही कोंबड्यांना चारलंत? माझं पोट फाडून दिली मी ती किडनी. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसून रडत होतात तेव्हा. आणि घरी येऊन त्याच हातांनी तिला पाणी दिलंत, त्याच हातांनी तिच्या डोक्याला तेल लावलंत!"

"मला काय माहीत असं होईल? मी काय मुद्दाम..."

"विचारलं होतंत तुम्ही! विचारलं म्हणजे शंका आली होती. घरात बायको जीवशास्त्र शिकवते. मला का नाही विचारलंत?"

यावर त्याने दिलेलं उत्तर तिच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. "तू नाही म्हणली असतीस," तो म्हणाला.

मैथिलीला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे कोलिस्टिनचा निर्णय तिचा तिने घ्यायचा होता. उर्मिलाला वाटलं होतं की तिला औषधाबद्दल तेवढं सांगावं, बाकीचं बरं वाटल्यावर. पण मैथिलीने आईचा चेहरा वाचला. "काय लपवतेयस?" म्हणाली. उर्मिलाने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला, शिव्या यायच्या राहिल्या.

तापाने लाल झालेल्या डोळ्यांनी मैथिली छताकडे बघत होती. मग म्हणाली, "पप्पांना बोलव. त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

भागवत आला. त्याला हातमोजे आणि अंगरखा घालायला लावला होता. त्यात तो आणखीनच केविलवाणा दिसत होता. त्याने सांगितलं. अर्धवट, अडखळत, पण काही वगळलं नाही.

"झालं?" मैथिली म्हणाली. "आता बाहेर जा."

"बाळा, माझ्या दोन्ही किडन्या घे, पाहिजे तर मी..."

"तुमची जुळत नाहीत. तेव्हाच तपासलं होतं. विसरलात?" ती एवढ्या जोरात ओरडली की नर्स धावत आली. "बाहेर जा!"

तो गेल्यावर ती आईकडे वळली. "आणि तू सारखं 'माझी किडनी, माझी किडनी' नको म्हणूस. दिलीस ना? आता ती माझी आहे. गेली तर माझी जाईल. डॉक्टरांना सांग, औषध सुरू करा."

कोलिस्टिन सुरू झालं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्या, म्हणजे शरीराला जंतूंशी लढता यावं. पण त्या कमी केल्या की शरीर किडनीवर उलटण्याचा धोका होता. डॉक्टर अत्तार रोज या दोन धोक्यांच्या मधून वाट काढत होत्या आणि रोज थोड्या जास्त थकलेल्या दिसत होत्या. ताप उतरला. जंतू मरत होते, उगमवाचक तसं सांगत होता. आणि लघवी कमी होत होती. रक्तातलं क्रिएटिनीन चढत होतं, म्हणजे किडनीचं गाळण्याचं काम मंदावत होतं. उर्मिला खाटेखालच्या पिशवीकडे पाहत बसायची. औषध काम करत होतं. तिच्या मुलीला वाचवत होतं आणि त्याच वेळी तिच्या पोटातला एक एक कोपरा जाळत होतं. दोन्ही खरं होतं, आणि राग कशावर काढावा ते कळत नव्हतं. औषधावर काढावा, तर ते बिचारं आपलं काम करत होतं.

अशात नगरकर आला. शुभपक्षी ॲग्रोचा सुपरवायझर. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची करंडी, सोबत कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतला एक माणूस. त्याने नाव सांगितलं नाही.

"वहिनी, ऐकून फार वाईट वाटलं," नगरकर म्हणाला. "साहेब मुद्दाम आलेत. मैथिलीचा पुढचा सगळा उपचार कंपनी बघेल. लागलं तर परत किडनी बदलायचं सुद्धा. आमची एकच विनंती आहे."

विनंती साधी होती. कायद्याप्रमाणे उगमवाचकाचा निष्कर्ष सार्वजनिक नकाशावर जिल्ह्यापुरताच दिसायचा. गाव आणि शेड जाहीर करायला रुग्णाची संमती लागायची, कारण त्यावरून घर ओळखू येतं. मैथिलीने ती संमती देऊ नये.

"तुमच्याच भल्याचं आहे मॅडम," नाव न सांगितलेला माणूस म्हणाला. "गावावर ठिपका पडला की पुसता येत नाही. खडकदऱ्याचा माणूस म्हटलं की रुग्णालयं वेगळ्या खोलीत टाकतील. सोयरिकी मोडतील. शेड बंद पडतील. लोक तुम्हालाच दोष देतील. आणि हे यंत्र नातं सांगतं, गुन्हा कुणी केला ते सांगत नाही. कोर्टात टिकत नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यामुळेच उर्मिलाच्या अंगाची लाही झाली. त्याने आधीच सगळा हिशोब मांडलेला होता. कुणाला झळ बसेल, कोण घाबरेल, कोण गप्प राहील.

"ती संत्री उचला," ती म्हणाली.

"वहिनी, शांतपणे विचार..."

"उचला! पोटॅशियम असतं त्यात. किडनी गेलेल्या पोरीला फळं तोलूनमापून द्यावी लागतात, एवढंही माहीत नाही तुम्हाला, आणि उपचार करायला निघालात!"

आतून मैथिलीचा आवाज आला. क्षीण होता, पण स्वच्छ. "आई, डॉक्टरांना बोलव. मला संमती द्यायचीय. या दोघांच्या समोर."

मैथिली वाचली. काही काळ तिला डायलिसिसवर ठेवावं लागलं, मग किडनी हळूहळू जागी झाली. पण पूर्वीची झाली नाही. "निम्म्यापेक्षा कमी उरलीय," डॉक्टर अत्तार म्हणाल्या. "जपली तर काही वर्षं चालेल." त्यांनी खोटा धीर दिला नाही. त्याबद्दल उर्मिलाने त्यांचे मनोमन आभार मानले.

मैथिलीला घेऊन ती खडकदऱ्याला गेली नाही. संगमनेरला बहिणीकडे राहिली.

नकाशावर खडकदऱ्याचा ठिपका लाल झाला आणि कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं तसंच सगळं घडलं. एका मुलीचं ठरलेलं लग्न लांबलं. तालुक्याच्या रुग्णालयात गावच्या माणसांना कोपऱ्यातल्या खोलीत बसवू लागले. उर्मिलाच्या फोनवर शिव्या येऊ लागल्या. नवऱ्याशी भांडण होतं तर घरात मिटवायचं होतं, गावाचं नाव कशाला घातलं? ज्यांच्या मुलांना तिने शिकवलं होतं, ते हे विचारत होते.

शेवटी ग्रामसभा बोलावली गेली. उर्मिला तयारीनिशी गेली होती. सगळं समजावून सांगायचं, फळ्यावर आकृती काढायची. पण तिने उठायच्या आत भागवत उठला.

"तिला काही बोलू नका," तो म्हणाला. "पुडी मी घातली. माणसाचं औषध आहे हे मला कळलं होतं. कळून घातली. तुम्हीपण घातली, ज्याला त्याला माहितीय. माझ्या पोरीची किडनी त्यात गेली. उद्या तुमच्यातल्या कुणाचं काय जाईल, मला माहीत नाही."

गोंधळ उडाला. कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं. नगरकर दाराशी उभा होता, तो हळूच निघून जायला लागला. त्या आरडाओरड्यात कावेरी उभी राहिली. तिला सातवा महिना होता, आणि तिच्या सासऱ्याची शेड गावात सगळ्यात मोठी होती.

"मॅडम, तो जंतू माझ्याही पोटात आहे का?" तिने विचारलं.

लोक तिच्याकडे वळले.

"असू शकतो," उर्मिला म्हणाली. "आतड्यात असला तर त्रास देत नाही, तो तिथे नुसता राहतो. पण गरोदरपणात लघवीचा संसर्ग लवकर होतो, आणि किडनीपर्यंत चढला तर..." तिने कावेरीच्या पोटाकडे पाहिलं. "तपासता येतं."

डॉक्टर अत्तार उगमवाचक घेऊन स्वतः आल्या. शाळेच्या खोलीत दोन दिवस तपासणी चालली. पुरुष टाळत होते, बायका आल्या. कावेरीत जंतू सापडला. तिच्या सासूत सापडला. शेडवर पाऊलही न टाकलेल्या मुलांत सापडला. निम्मं गाव तो जंतू पोटात घेऊन हिंडत होतं आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

निष्कर्ष कळले त्या दुपारी बायका शेडांवर गेल्या. कुणी ठरवलं, कुणी आधी निघालं, ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. कावेरीने सासऱ्याच्या शेडचं कुलूप काढलं. सासरा मध्ये आला, तेव्हा सासूने त्याला बाजूला ढकललं. पूड मिसळलेल्या खाद्याची पोती बाहेर आली. एका बाईने पोत्याला विळा लावला.

"फोडू नका!" उर्मिला ओरडली. "मातीत सांडलं की परत तेच. मातीतले जंतू शिकतील, विहिरीत उतरेल. एक कणही सांडू देऊ नका."

मग पोती उचलून, दोघी-दोघींनी धरून, रस्त्यावर आणली. कंपनीचा टेम्पो नवीन खाद्य घेऊन नेमका तेव्हाच आला. नगरकर पुढे बसला होता. बायकांनी टेम्पो अडवला, आणलेलं खाद्य उतरू दिलं नाही आणि त्याच्यावर आपली पोती चढवली. जागा संपली तेव्हा नगरकरच्या मांडीवर एक ठेवलं.

"हा करारभंग आहे!" तो म्हणत होता. "एकालाही पुढची पिल्लं मिळणार नाहीत!"

"टेम्पो कलेक्टर कचेरीत जाणार," उर्मिला म्हणाली. "आम्ही मागून येतोय. वाटेत एक पोतं कमी झालं, तर सगळ्यांसमोर तुम्हाला ती पूड खायला लावीन. माणसाला चालते ना?"

कुणी हसलं नाही. टेम्पो निघाला आणि त्याच्यामागे खडकदऱ्यातल्या जेवढ्या गाड्या चालू होत्या तेवढ्या निघाल्या.

शुभपक्षी ॲग्रोवर खटला उभा राहिला. तो चालू आहे, आणि कंपनीही चालू आहे, दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या नावाने. ते आठवलं की उर्मिलाच्या कानशिलाची शीर अजून उडते. कावेरीचं बाळंतपण नीट झालं. खडकदऱ्यातल्या बऱ्याच शेड रिकाम्या पडल्या, त्यांत भागवतचीही होती. तो आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो.

एका रविवारी तो संगमनेरला आला. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. बहिणीच्या घराच्या फाटकाशी येऊन थांबला. उर्मिला दारात होती. तिने 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही.

मैथिली खुर्ची घेऊन ओट्यावर आली. औषधांनी तिचा चेहरा सुजला होता.

"परत तपासणी केलीत?" तिने विचारलं.

"केली. अजून आहे म्हणतं यंत्र. माझ्या पोटात." भागवतने फाटकावरचा हात काढून घेतला, जणू तेही शिवायचं नव्हतं. "डॉक्टर म्हणाल्या, कुणाकुणाच्या पोटातून आपोआप जातो, कुणाच्या जात नाही. किती दिवस, सांगता येत नाही."

"मग तिथूनच बोला."

"तुझी तब्येत..."

"बरी आहे. आहे तितकी."

तो उभाच राहिला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. त्याने विचारलं, "जंतू गेला की, मग येऊ का आत?"

मैथिली रडेल असं उर्मिलाला वाटलं, पण ती रडली नाही.

"जंतू गेला की यंत्र सांगेल," ती म्हणाली. "मी काय सांगेन, ते तेव्हा ठरवीन."